नवी चाके : नजर नको, माप हवे

कल्याणहून निघून अहिल्यानगर, पाथर्डीमार्गे थेट विशाखापट्टणमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या तिसगावातून जातो. करंजी घाट ओलांडून आलेले ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, मढीच्या यात्रेला निघालेल्या गाड्या, असे सर्व प्रकार येथे दिसतात. स्पोर्ट्स कार मात्र क्वचितच दिसते. दिसते ती तिची हौस. लहानशा गाडीच्या मूळच्या पोलादी डिस्क काढायच्या आणि त्यांच्या जागी रुंद, चकचकीत अलॉय चाके बसवायची. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती चाके निवडण्याच्या आणि बसवण्याच्या पद्धतीला. ‘झकास दिसतात’ एवढ्यावर तपासणी संपते. चाक ही शोभेची वस्तू नसून वेगाने फिरणारे यंत्र आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

बैलगाडीच्या चाकाला कोणी कधी बॅलन्सिंग केले नाही. का बरे? समजा, ६० सेंमी त्रिज्येच्या चाकाच्या धावेला एका जागी अर्धा किलो चिखल चिकटला आहे. ताशी ४ किमी वेगाने त्याला वर्तुळात फिरवत ठेवायला लागणारे अभिकेंद्री बल येते सुमारे १ न्यूटन, म्हणजे १०० ग्रॅम वजनाएवढे. बैलांना त्याची दादही लागत नाही.

आता मोटारीकडे या. टायरची त्रिज्या ३० सेंमी धरा. ताशी १०० किमी वेगात हे चाक सेकंदाला जवळजवळ १५ फेरे घेते. रिमवर, आसापासून २० सेंमी अंतरावर, एका बाजूला फक्त ३० ग्रॅम जास्त भरले तर बल येते ५१ न्यूटन. सव्वापाच किलोचा हातोडा सेकंदाला १५ वेळा चाकाला वर-खाली, पुढे-मागे ओढतो आहे असे समजा! हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किमीला ते १३ न्यूटनच असते, स्पोर्ट्स कारच्या ताशी २०० किमीला मात्र २०० न्यूटनच्या वर जाते. म्हणूनच गावातल्या रस्त्यावर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी महामार्गावर स्टिअरिंग थरथरवू लागते. त्यातून या धक्क्यांची वारंवारता गाडीच्या सांगाड्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन होऊन थरथर एका ठराविक वेगाला एकदम वाढते. बेअरिंग झिजते, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो. (पुष्कळ जण अशा वेळी अलाइनमेंट करून घेतात. ते चाकांच्या दिशेचे काम आहे, त्याने ही थरथर जात नाही.)

रुंद चाकाची आणखी एक गंमत आहे. चाकाच्या बाहेरच्या कडेला वर २० ग्रॅम आणि आतल्या कडेला बरोबर खाली २० ग्रॅम जास्त असले, तर चाक उभे असताना कोणत्याही स्थितीत स्थिर राहते. गुरुत्वमध्य आसावरच आहे, मग दोष कसला? पण चाक फिरू लागले की दोन्ही बले विरुद्ध दिशांना, निरनिराळ्या प्रतलांत ओढतात आणि बलयुग्म तयार होते. चाक डुलू लागते. जेवढी रुंदी जास्त, तेवढे बलयुग्म मोठे. विणकामाच्या सुईवर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या चार बोटांच्या अंतरावर घट्ट बसवा, एकीला वर व दुसरीला खाली सारख्याच मातीच्या गोळ्या लावा, आणि सुई दोन दोऱ्यांच्या फासांत टांगून फिरवून पाहा.

म्हणून बॅलन्सिंगच्या यंत्रावर एक नव्हे, दोन आकडे दिसतात, आतल्या कडेचा आणि बाहेरचा. अलॉयच्या दर्शनी बाजूला वजन लावले तर शोभा जाते, म्हणून काही ठिकाणी केवळ आतल्या बाजूला पट्टी चिकटवून काम उरकतात. मला हे मुळीच मान्य नाही. बाहेरच्या प्रतलाचे वजन आऱ्यांच्या मागे दडवून लावता येते. वजने लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही आकडे शून्य आलेले गिऱ्हाइकाने स्वतः पाहिले पाहिजेत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. यंत्रावर चाक यंत्राच्या आसाभोवती संतुलित होते, तुमच्या गाडीच्या आसाभोवती नव्हे! बाजारातील अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मोठे ठेवलेले असते. मूळ चाक हबच्या उंचवट्यावर नेमके बसते, हे सैल बसते. टायरसकट १८ किलोचे चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकून आवळले गेले, तर गणित करा : १८,००० ग्रॅम गुणिले ०.५ मिमी म्हणजे ९,००० ग्रॅम-मिमी. रिमवर २०० मिमी अंतरावर ४५ ग्रॅम लावण्यासारखेच झाले. यंत्रावर मिळवलेले शून्य एका क्षणात पाण्यात गेले. उपाय स्वस्त आहे. भोक आणि हब यांच्यातली फट भरणारी योग्य मापाची कडी घालावी, अलॉयला जुळणाऱ्या बैठकीचेच नट वापरावेत आणि ते तारेच्या आकृतीसारखे समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

आवळायचे किती? पुष्कळ लहान मोटारींना सुमारे १०० न्यूटन-मीटर लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ४० सेंमीच्या पान्याच्या टोकाला २५० न्यूटन बल दिले की १०० होतात. आपल्याकडे पान्यावर उभे राहण्याची पद्धत आहे. ६० किलोचा माणूस उभा राहिला की होतात २३५! बोल्ट ताणला जातो आणि तो कधी दगा देईल याचा भरवसा राहत नाही. टॉर्क पाना नसलेल्या दुकानात महागडी चाके बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास-शंभर किमी चालल्यावर नट पुन्हा तपासावेत हे वेगळे.

आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे वाहने उपकरणे लावून तपासतात. अन् तेथून काही कोसांवर आपण चाक नजरेने पसंत करतो!

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. दोरीला दगड बांधून वर्तुळगती शिकवून झाली की वर्ग जवळच्या टायरच्या दुकानात न्या. एक चाक यंत्रावर फिरवून दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या. मग पकड सैल करून चाक आसावर अर्धा फेरा वळवा, पुन्हा आवळा आणि आकडे पाहा. दोन्ही वेळा आकडे सारखे आले, वजनाची जागा चाकावर तीच राहिली, तर पकड बरोबर आहे. आकडे बदलले, तर चाक यंत्रावर मध्यभागी बसलेलेच नाही. दोष चाकाचा नाही, बसवण्याचा आहे, हे दुकानदारालाही तेथल्या तेथे दाखवता येईल.