डोळ्याचे उष्टे

आपल्या घरांत उष्ट्याखरकट्याचा विवेक लहानपणापासून शिकविला जातो. एकाच्या ताटातील घास दुसऱ्याने घेऊ नये, ओठास लावलेले भांडे पुन्हा घागरीत बुडवू नये, हे चार वर्षांच्या पोरासही ठाऊक असते. परंतु जसे तोंडाचे उष्टे असते तसे डोळ्याचेही असते, ही गोष्ट आम्ही शिकल्यासवरल्या मंडळींनीही फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. या महिन्यात वाचकांपुढे हा विषय मांडण्यास एका लग्नघरी घडलेला प्रसंग कारण झाला आहे. आणि त्यात आमचाही थोडा दोष असल्यामुळे तो सांगणे आम्हांस अधिकच अगत्याचे वाटते.

गेल्या वैशाखात आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या कन्येचा विवाह देऊळघाट येथे झाला. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा ज्या गावाजवळून पुढे जाते, तेच हे बुलढाण्यानजीकचे देऊळघाट. घर मोठे, माणसे पुष्कळ, आणि पाहुण्यांची दाटी. मुलींच्या हौसेखातर शहरातून सौंदर्यप्रसाधन करणारी एक बाई आपली पेटी घेऊन सीमंतपूजनाच्या आदल्या दिवशी आली. हल्ली ज्यास ‘लॅश लिफ्ट’ म्हणतात, म्हणजे पापण्यांचे केस औषधाने मऊ करून वरच्या बाजूस वळवून ठेवणे, तो प्रकार तिने माजघरात मांडला. प्रथम नवरीची आतेबहीण बसली, मग धाकटी चुलतबहीण, आणि शेवटी नवरी. धाकटीचा एक डोळा सकाळपासून लाल होता. “प्रवासात धूळ गेली असेल,” असे म्हणून तिकडे कोणी लक्ष दिले नाही. चिमटा एकच, कुंचली एकच. एकीचे आटोपल्यावर ती कापसाच्या बोळ्याने पुसली जाई, आणि तीच दुसरीच्या पापणीस लागे.

नवरीच्या आजी जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारले, “अहो बाई, हिच्या डोळ्याला लावलेली ती काडी तिच्या डोळ्याला कशी चालते? उष्टी नाही का झाली ती?” मुली हसू लागल्या. “आजी, हे काही तुमचे सोवळे-ओवळे नव्हे,” असे त्यांतील एकीने म्हटले, आणि विषय तेथेच संपला. आम्ही दाराशीच होतो. प्रश्न ऐकला, तो रास्त आहे हेही कळले; परंतु मंगलकार्यात विरस नको, आणि बायकांच्या हौशीमौजेत आपण कशास बोलावे, असा विचार करून आम्ही गप्प राहिलो.

लग्न थाटात झाले. त्यानंतर आठवड्याच्या आत सासरी नवरीचे डोळे आले. तिचे सासर म्हणजे चौदा माणसांचे एकत्र कुटुंब. पाहता पाहता आणखी सहा जणांचे डोळे सुजले. त्यांत एक दीड वर्षाचे मूल होते, आणि ज्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस पुरा महिनाही झाला नव्हता असे आजेसासरेही होते. घरावर अशी आपत्ती आल्यावर शेजारच्या एका बाईंनी ‘पायगुण’ हा शब्द उच्चारला. नव्या सुनेच्या कानी तो शब्द पडला तेव्हा तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नको. पुढे कित्येक दिवस ती जेवावयासही चारचौघांत येईना.

सुदैवाने तिच्या सासूबाई समंजस निघाल्या. त्यांनी सर्वांस नेत्रवैद्यांकडे नेले. डॉक्टरांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा धाकट्या बहिणीचेही डोळे लग्नातच आले होते, ही हकीकत बाहेर पडली, आणि तिच्यामागून ती पेटी व तो चिमटाही. आजेसासऱ्यांस वेळीच उपचार मिळाल्यामुळे त्यांची दृष्टी वाचली. परत आल्यावर सासूबाईंनी त्या शेजारणीस सांगितले, “पायगुण आमच्या सुनेचा नव्हे हो, त्या चिमट्याचा.” हे वाक्य आम्ही ऐकले तेव्हा आमची मान खाली गेली. ज्या दिवशी आम्ही दोन शब्द बोलावयास हवे होते, त्या दिवशी आम्ही शिष्टाचार पाळीत बसलो होतो.

डोळे येणे हा दिसावयास किरकोळ रोग. परंतु तो किती वेगाने पसरतो याचा अनुभव बुलढाणा जिल्ह्याने नुकताच घेतलेला आहे. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली, तेव्हा जुलैअखेर राज्यातील रुग्णांची नोंद 87,000 च्या वर गेली होती, आणि त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे 13,000 हून जास्त, रुग्ण एकट्या बुलढाणा जिल्ह्यातील होते. रोग्याच्या डोळ्याकडे पाहिल्याने हा रोग लागतो, असा समज अजूनही आढळतो. तो खरा नव्हे. रोग्याच्या डोळ्यातील स्राव बोटास, पंचास, उशीच्या अभ्र्यास किंवा चिमट्यास लागतो, आणि तेथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. या रोगास कारण होणारे काही विषाणू कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस जिवंत राहतात. लागण झाल्यापासून लक्षणे दिसावयास पाच ते बारा दिवस लागू शकतात. म्हणूनच चूक एका घरी होते आणि बोल मात्र दुसऱ्या घरी लागतो.

आता पापणीविषयी थोडेसे. वरच्या पापणीस साधारणपणे नव्वद ते दीडशे केस असतात. ते केवळ शोभेचे नव्हेत. धुळीचा कण किंवा चिलट जवळ येताच या केसांस स्पर्श होतो आणि डोळा आपोआप मिटतो. दारावर बसविलेला हा पहारेकरीच म्हणावयाचा. प्रत्येक केसाच्या मुळाशी सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांत जंतूंचा शिरकाव झाला की रांजणवाडी होते. लॅश लिफ्टमध्ये पापणीवर सिलिकोनची लहानशी पट्टी चिकटवून तिच्यावर केस गोंदाने बसवितात. मग त्यांवर पहिले औषध लावतात. ते बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचे बनविलेले असते. केसांतील प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांस जखडलेले असतात; हे औषध ते बंध सैल करते. केस पट्टीच्या आकाराचा झाला म्हणजे दुसऱ्या औषधाने ते बंध पुन्हा पक्के करावयाचे. डोक्याचे केस कुरळे करण्याची युक्तीही हीच. भेद इतकाच की येथे औषध आणि बुबुळ यांत मिटलेल्या पापणीवाचून दुसरा पडदा नाही. औषधाचा थेंब आत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजल्यासारखा होतो. युरोपीय संघाने या आम्लाचे प्रमाण पापण्यांसाठी 11 टक्क्यांहून अधिक असू नये आणि ते केवळ व्यवसायातील जाणत्यांनीच वापरावे, असा निर्बंध घातला आहे, तो उगीच नव्हे.

या बाबतीत जगाने एकदा मोठी किंमत मोजली आहे. 1933 च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगविण्याचा रंग विकला जात असे. त्यातील एका रासायनिक द्रव्याने काही स्त्रियांचे डोळे गेले, आणि एकीस प्राणास मुकावे लागले. तो विकण्यास मनाई करावी असा कायदाच त्या वेळी तेथे नव्हता. अशा वस्तूंनी झालेल्या अपघातांची चित्रे सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांपुढे मांडली, आणि अखेरीस 1938 साली सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. आपल्याकडेही त्याच द्रव्याने बनविलेल्या केसांच्या कलपाच्या वेष्टनावर, हा कलप पापण्यांस वा भुवयांस लावू नये, लावल्यास अंधत्व येण्याचा संभव आहे, असा इशारा छापावा लागतो. किती घरांत तो वाचला जातो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

याचा अर्थ मुलींनी हौस करू नये असा मुळीच नव्हे. नटण्याची आवड ही आजची नाही. आपल्याकडे काजळ तर पाळण्यातल्या मुलासही घालीत आले आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, हौस करावी ती पुढील गोष्टी विचारून करावी :

1. डोळा लाल असेल, पाणी वा चिपडे येत असतील, रांजणवाडी झाली असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा प्रकार करूच नये. एकीचा डोळा बरा नसल्यास तिला शेवटी बसविणे हा उपाय नव्हे. तिने त्या दिवशी न बसणे हाच उपाय.

2. औषधाची परीक्षा किमान 24 तास, शक्य तर 48 तास आधी कानामागे वा कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून करावी. खाज किंवा लाली आल्यास ते औषध पापणीस लावू नये. मागील खेपेस सोसले म्हणून या खेपेसही सोसेल, अशी खात्री नसते.

3. काम करणारीने प्रत्येक व्यक्तीपूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. कुंचली, काड्या व कापूस प्रत्येकीस नवा असावा आणि काम झाल्यावर टाकून द्यावा. वापरलेली कुंचली औषधाच्या मूळ बाटलीत पुन्हा कदापि बुडवू नये. तसे केल्यास बाटलीच उष्टी होते. लागेल तितकेच औषध वेगळे काढून घ्यावे.

4. धातूचा चिमटा प्रथम साबणाने घासून धुवावा, आणि मग उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावा. घाण तशीच ठेवून त्यावर जंतुनाशक शिंपडल्याने जंतू मरत नाहीत. निळ्या प्रकाशाच्या पेटीवरही विसंबू नये. प्रकाश जेथे पडत नाही तेथील जंतू तसेच राहतात. लग्नघरी इतका वेळ नसतो, म्हणून जितक्या मुली तितके स्वच्छ चिमटे आणावयास आधीच सांगावे. सिलिकोनची पट्टी शक्यतो प्रत्येकीस वेगळी असावी.

5. डोळ्यात लावण्याची भिंगे असल्यास ती आधी काढावीत. औषधाने डोळ्यात आग झाल्यास लाजेकाजेने सोसू नये. तत्काळ स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे डोळा धूत राहावे, आणि मग नेत्रवैद्यांकडे जावे. दूध, मध, गुलाबपाणी किंवा दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले थेंब घालू नयेत.

6. हे काम कार्याच्या आदल्या दिवशी करू नये. चांगले दोन आठवडे आधी करावे, म्हणजे काही बिघडले तर ते लक्षात येण्यास व दुरुस्त होण्यास अवधी मिळतो. वळविलेल्या पापण्या सहा ते आठ आठवडे तशा राहतात. त्यामुळे शोभेत काही उणे पडत नाही.

हे प्रश्न विचारणे म्हणजे त्या कारागीर बाईचा अपमान नव्हे. तीही पोटासाठी गावोगाव पेटी घेऊन हिंडते. गिऱ्हाईक जर स्वस्ताईच पाहील आणि स्वच्छतेचे दोन पैसे अधिक देण्यास कुरकुर करील, तर ती तरी नव्या कुंचल्या कोठून आणणार? देऊळघाटच्या त्या माजघरात आम्ही बसलेल्यांपैकी एकानेही तिला गरम पाणी हवे का म्हणून विचारले नव्हते.

आता त्या आजींविषयी. घडलेली हकीकत त्यांस कळली तेव्हा आपला प्रश्न खरा ठरला याचा आनंद त्यांस झाला असेल, असे आम्हांस वाटले होते. परंतु त्यांचा निरोप आला तो निराळाच : “माझी काजळाची डबी मी विहिरीवर नेऊन घासून टाकली. चाळीस वर्षे एकाच बोटाने सगळ्या नातवंडांना काजळ घातले. एकाचे डोळे आले की सगळ्यांचे येत, आणि मी दृष्ट काढीत बसे.” आमच्या समजुतीने या निरोपाचे मोल वरील सर्व नियमांहून अधिक आहे. ज्या खुपऱ्यांच्या रोगाने या देशात पिढ्यानुपिढ्या लोकांच्या पापण्या आत वळून डोळे गेले, तो अशाच एका बोटाने, एका पंचाने आणि माश्यांनी पसरत असे. त्याविरुद्ध 1963 पासून राष्ट्रीय मोहीम चालली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत या रोगाच्या सार्वजनिक संकटातून मुक्त झाल्याचे मान्य केले. साठ वर्षांच्या श्रमाने जे मिळविले ते एका चिमट्यापायी सैल होऊ देऊ नये.

तेव्हा ज्या घरी मोरीजवळ सर्वांचा मिळून एकच पंचा टांगलेला असेल, त्या घराने आजच प्रत्येकास वेगळा करून द्यावा. काजळ, सुरमा व पापण्यांचा रंग ज्याचा त्याने ठेवावा. आणि डोळे येऊन गेल्यावर ती प्रसाधने टाकून द्यावीत. आमच्या स्नेह्यांची ती कन्या आता सासरी रुळली आहे. येत्या मार्गशीर्षात तिच्या नणंदेचे लग्न आहे, आणि पेटी घेऊन येणाऱ्या बाईस काय काय विचारावयाचे, ते सासूबाईंनी सुनेवरच सोपविले आहे. आम्हांसही आमंत्रण आले आहे. या खेपेस आम्ही गप्प राहणार नाही.