१८० कोटींचे पान

नेहरूंच्या विश्वशांतीच्या ध्येयवादाची टिंगल करणारे हल्ली १९६२च्या पराभवासोबत डॉ. आंबेडकरांची साक्ष काढतात. १९५४ साली बाबासाहेबांनी राज्यसभेत पंचशीलाची झाडाझडती घेतली, हे खरेच. पण १० ऑक्टोबर १९५१चे राजीनाम्याचे निवेदन यांपैकी कितीजणांनी वाचले आहे? ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण अडचणीत विसंबावे असा मित्रच आपल्याला उरलेला नाही, असा त्यातला आक्षेप आहे. म्हणजे तक्रार सैन्य अपुरे असल्याची नव्हे, त्याच्या बोज्याची! नेहरूभक्तांनीही यावर खूश होऊ नये. बुलढाण्यातल्या आमच्या वर्गांत आम्हीसुद्धा वर्षानुवर्षे हा राजीनामा हिंदू कोड बिलापाशीच आटोपला. परराष्ट्रधोरणाचे पान उलटलेच नाही.