कापणे झाले, उचलणे राहिले

घर झाडून झाले की केर दाराशी गोळा होतो. परंतु तो सुपलीत भरून योग्य जागी टाकेपर्यंत घर झाडले, असे कोणतीही गृहिणी म्हणत नाही. मध्येच वाऱ्याची झुळूक आली तर तोच केर पुन्हा घरात येतो, नाही तर शेजारणीच्या अंगणात जातो. घरातला हा साधा नियम घराबाहेरच्या कामांना मात्र फारसा लागू होताना दिसत नाही. नाली उपसणारा गाळ काठावरच सोडतो, झाड छाटणारा फांद्या वाटेत टाकतो आणि कालव्याकाठचे गवत कापणारा ते गवत कालव्यातच लोटून पुढे सरकतो. गवत कापल्याची नोंद होते. ते पुढे कोणाच्या दारी जाऊन अडले, याची नोंद कोठेच होत नाही.

परभणी जिल्ह्यात ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. गोदावरीवरील पैठणच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे दोन जिल्हे ओलांडून तो पाथरी, मानवत, परभणी या भागात येतो. मूळ आराखड्यात या कालव्याखाली सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर जमीन भिजावी, अशी योजना होती आणि त्यातील सुमारे ९७ हजार हेक्टर एकट्या परभणीच्या वाट्याची होती. म्हणजे ज्या जिल्ह्याचा हक्क सर्वांत मोठा, तोच कालव्याच्या शेवटाकडे बसलेला आहे. वाटेत पाणी जेथे जेथे अडते, मुरते, तुंबते, त्या प्रत्येक ठिकाणचा तोटा शेवटी येथील शेतात येऊन पोहोचतो.

तोटा होतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. कालवा उताराच्या अगदी बारीक हिशोबावर चालतो. काठाच्या आतल्या बाजूस वाढलेले गवत, पाणकणीस आणि बेशरमीची झुडपे पाण्याचा वेग कमी करतात. वेग घटला की त्या ठिकाणी पाण्याची पातळी वर चढते. पातळी चढली की वरच्या बाजूच्या दारांतून ठरल्यापेक्षा अधिक पाणी निघते, भरावातून झिरपही वाढतो. खालच्या बाजूस मात्र तितकेच कमी उरते. यात कोणी चोरी केलेली नसते, कोणी दार फोडलेले नसते. केवळ गवतामुळे एकाच्या पदरात जास्त आणि दुसऱ्याच्या पदरात कमी पडते. म्हणून गवत कापणे आवश्यकच आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उभे गवत एका जागी असते. कापून पाण्यात पडलेले गवत प्रवासाला निघते. पाणीपाळी सुरू झाली की ते तरंगत जाते आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी, दाराच्या फटीत किंवा लघुवितरिकेच्या नळात जाऊन बसते. त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, काटक्या आणि गाळ साचतो. रात्री अकराला ज्याची पाळी आहे, तो शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर बसलेला असतो आणि पाणी मात्र दोन किलोमीटर अलीकडे मोरीतच अडकलेले असते. पाळीचे तास सरतात. गहू ओंबीवर आलेला असतो. त्या वेळी चुकलेले पाणी नंतर देऊन भरून निघत नाही. अशा वेळी अंधारात, गळाभर पाण्यात उतरून मोरीतला गवताचा बोळा ओढून काढणारा माणूस हा गवत कापणारा कधीच नसतो.

दुसरी हानी अधिक सावकाश होते; म्हणूनच ती लक्षात येत नाही. काठावरच्या कित्येक वनस्पती कापल्याने मरत नाहीत, उलट पसरतात. बेशरमीचे नाव उगाच पडलेले नाही. तिच्या फांदीचा तुकडा ओलसर मातीत पडला तरी त्याला मुळे फुटतात. हराळीच्या कांड्यांचेही तसेच आहे. गाजरगवताचे एकेक झाड हजारोंनी बी धरते आणि फुलावर आल्यानंतर कापून पाण्यात टाकलेले गाजरगवत ते बी प्रत्येक शेतचारीपर्यंत पोहोचवते. मग ज्याच्या शेतात हे तण कधी नव्हते, त्याच्या बांधावर पुढच्या पावसाळ्यात ते उभे राहते. एका ठिकाणच्या कापणीतून दहा ठिकाणची पेरणी होते ती अशी.

तिसरा त्रास काठावर राहणाऱ्यांचा. परभणीकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. कालव्यालगतच्या आखाड्यावर राहणाऱ्या कुटुंबाचे अंगण म्हणजे कालव्याचा भरावच. तेथेच धुणे वाळते, तेथेच जनावरे बांधलेली असतात, तेथेच लहान मुले खेळतात. खांद्यावरच्या यंत्राने गवत कापले जाऊ लागले की त्याच्या पात्याबरोबर खडे उडतात, ओल्या गवताचा चुरा भिंतीवर, धुण्यावर आणि पाण्याच्या हौदात येऊन चिकटतो. त्या चुऱ्यात गाजरगवत असेल तर अंगाला खाज सुटते आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांचा श्वास अडतो. विषारी बेशरमीचा पाला चाऱ्यात मिसळून शेळ्यांच्या पोटात गेला तर आजार ओढवतो. कापणारे तासाभरात पुढच्या गावी जातात. घरची बाई मात्र दिवसभर धुतलेले पुन्हा धूत बसते.

गवताची आणि कालव्याची ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. हीच गोदावरी मराठवाडा आणि तेलंगणा ओलांडून आंध्रात उतरते, तेथे धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला. त्यातून निघालेले कालवे शेते भिजवीत आणि त्यांतून नावाही चालत. आपल्या कालव्यात नाव बांधलेली दिसत नाही. परंतु इंग्लंडमध्ये शेकडो मैल कालव्यांच्या काठाला आजही लांबट, अरुंद नावा बांधलेल्या असतात आणि कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे त्यांतच राहतात. कधीकाळी मालाच्या नावा घोडे ओढीत. त्यांच्यासाठी काठाने केलेली वाट आता पायी फिरणाऱ्यांची झाली आहे. उन्हाळ्यात त्या वाटेवरचे गवत यंत्राने कापले जाते आणि नावेत राहणाऱ्यांची तक्रार अगदी आपल्या आखाड्यावरच्यासारखी असते. दव पडलेले गवत नावेच्या रंगावर उडून चिकटते आणि वाळल्यावर खरवडून काढावे लागते. उघड्या खिडकीतून चुरा अंथरुणात येतो. खड्याने काचेला तडा जातो. पाण्यात पडलेले गवत कुजते आणि पाण्यातला प्राणवायू कमी करते.

तेथील एक प्रघात मात्र विचार करण्याजोगा आहे. वाट मोकळी करताना पाण्याच्या अगदी कडेची गवताची एक अरुंद पट्टी पुष्कळ ठिकाणी न कापता राखली जाते. त्या पट्टीमुळे काठाची माती ढासळत नाही, रानफुलांना आणि कीटकांना आसरा मिळतो आणि कापलेले गवत थेट पाण्यात पडत नाही. यावरही तेथे वाद आहेत; नाव काठाला लावताना काठच दिसत नाही, असे नावाड्यांचे म्हणणे असते. परंतु वाद कोठे आहे, हे पाहावे. गवत असावे की नसावे, एवढ्यावर तो थांबत नाही. कोठले कापावे, कोठले राखावे आणि कापलेले कोठे जावे, इथपर्यंत तो पोहोचलेला आहे.

आपल्या काळ्या जमिनीत हा विवेक अधिकच हवा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भरावाच्या बाहेरच्या उतारावर हराळीची घट्ट वीण असेल तर पहिल्या वळवात माती वाहून जात नाही. तेथे खरवडून सगळे साफ केले की भराव उघडा पडतो आणि ओघळ पडू लागतात. आतल्या बाजूचे, पाण्याला अडवणारे गवत काढावे. बाहेरच्या उतारावरचे केवळ छाटावे, मुळासकट उपटू नये. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी काढावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांचा प्रसार केलेला आहे. जेथे हे भुंगे पानांवर दिसतील, तेथे कापण्याची घाई न करता त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावी लागणार नाही. उंच गवत ही अनेक जीवांची वस्ती असते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, लावा गवताच्या बुडाशी घरटे करतो. बेडूक, सरडे, नाना प्रकारचे कीटक तेथेच वावरतात. विळ्याने कापणाऱ्याचा हात पुढे जाण्यापूर्वी डोळा पुढे जातो. यंत्राला डोळा नसतो, तो चालवणाऱ्याने द्यावा लागतो. मुनींच्या आचारात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांपैकी चालण्याची, बोलण्याची काळजी सर्वांच्या तोंडी असते. वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यावयाची काळजी आणि टाकाऊ ते टाकताना घ्यावयाची काळजी, या शेवटच्या दोन समितींची आठवण क्वचितच निघते. आपण टाकलेल्या वस्तूने कोणत्याही जीवाला पीडा होऊ नये, हा तो विचार आहे. तो आचार मुनींचा असला तरी त्यातला अर्थ गृहस्थाच्या दारातल्या केरालाही लागू पडतो आणि कालव्यातल्या गवतालाही.

मग करावयाचे काय? पाणी वापर संस्थांकडे सोपवलेल्या क्षेत्रात वितरिकांची देखभाल २००५ च्या अधिनियमानुसार शेतकऱ्यांच्या या संस्थांकडेच आलेली आहे. म्हणजे तक्रार करणारा आणि काम करवून घेणारा पुष्कळदा एकच असतो. तेव्हा काम ठरवतानाच ते दोन भागांत ठरवावे. कापण्याची मजुरी वेगळी आणि उचलून नेण्याची वेगळी न धरता, काठावर एकही भारा उरला नाही हे पाहिल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. रब्बीचा सिंचन हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो; त्याच्या पहिल्या पाळीपूर्वी, कालवा कोरडा असताना कापणी व्हावी, म्हणजे पडलेले गवत हाताने वेचता येते. सकाळचे दव ओसरल्यावर कापावे, म्हणजे चुरा चिकटत नाही. काठावरच्या आखाड्यांना आदल्या दिवशी निरोप द्यावा, म्हणजे धुणे आत घेता येते, जनावरे हलवता येतात आणि मुलांना दूर ठेवता येते. निरोपाला पैसा लागत नाही. परंतु अर्धी भांडणे त्याच्या अभावी होतात.

उचललेल्या गवताचे काय, हा प्रश्न तर प्रश्नच नव्हे. मारवेल, हराळी यांसारखे चांगले गवत निवडून घेतले तर दुष्काळाची सवय असलेल्या या जिल्ह्यात त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. जवळची गोशाळा किंवा पांजरपोळ ते आनंदाने घेईल. कोणी आपली बैलगाडी एक दिवस दिली तरी ते दानच आहे. जे जनावरे खात नाहीत, ते फुलोऱ्यापूर्वीचे असेल तर शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर देऊन त्याचे खत होते किंवा मोसंबीच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालता येते. बेशरमीचे तुकडे मात्र ओल्या जागेपासून दूर, उन्हात पूर्ण वाळवावेत. काठावर पेटवून देण्याचा सोपा मार्ग तेवढा टाळावा. त्या आगीत पळू न शकणारे सगळेच जळते.

कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला टोकाचा शेतकरी दिसत नाही. दोघांची कदाचित जन्मात भेट होत नाही. तरीही वरच्या गावात विळा चालला की खालच्या गावातल्या गव्हाचे काही ना काही ठरत असते. येत्या दिवाळीपूर्वी ज्या गावात कालवा साफ होईल, तेथील चार जाणत्यांनी संध्याकाळी काठाने एक फेरी मारावी. किती गवत कापले गेले ते कोणीही सांगेल. त्यांनी फक्त काठावर आणि पाण्यात किती उरले, तेवढे पाहून यावे आणि जे उरले असेल ते दुसऱ्या दिवशी उचलून घ्यावे.