कोयत्याचा भाव कोण बांधणार?

मोकळा बाजार! मोकळा बाजार! आपल्यातलीच शिकलेली पोरं हा जप करायला लागलीत. म्हणतात, दादा, बाजाराला जात नसते. नोटेला विटाळ नसतो. सरकारनं हात काढून घ्यावा, मग बघा आपण कसे वर येतो.

मी कारखान्यात गव्हाणीवर उभा असतो. मला बाजार तिथनं दिसतो. हंगामात श्रीरामपूरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत मोकळं काय आहे? उसाचा किमान भाव दिल्लीचं सरकार बांधून देतं. साखर ठरल्या भावाखाली विकायची नाही, असा हुकूम 2018 साली निघाला. आधी किलोला 29 रुपये, 2019 साली 31. दोन कारखान्यांत अंतर किती पाहिजे, तेबी कायदा मोजतो. बागायतदाराला कुंपण, कारखानदाराला कुंपण. आणि कोयत्याला?

नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात अवजार एक. बीड-पाथर्डीकडनं मुकादमाची उचल अंगावर घेऊन येतात, कोपीत राहतात, अंधारात फडात उतरतात. त्यांचा टनाचा दर साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात ठरतो, कायद्यात नाही. उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामाला पुन्हा तीच वाट. साखरेला किमान किंमत आहे, माणसाला नाही. बाजार मोकळा आहे तो एवढ्यापुरताच.

तवा बाजाराला मर्यादा असावी का, हा सवालच खोटा. मर्यादा आहेतच. कुणासाठी घातल्या, ते विचारा.

शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विख्यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी कारखाना काढला. 1950 साली धुराडं पेटलं. खाजगी कंपन्यांना घातलेला तो लगामच होता. पण सभासद व्हायला ऊस पाहिजे, उसाला जमीन पाहिजे. आपल्या बापाकडं काय होतं? सहकार आला, आपण वेशीबाहेरच.

बाबासाहेबांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच मांडलं. राज्यानं अंग काढलं की जागा रिकामी राहत नाही, तिथं मालकाची हुकूमशाही बसते. म्हणून जमीन राज्याची करा, गावानं जातपात न बघता मिळून कसा, मोठे उद्योग राज्याकडं ठेवा.

तुम्ही म्हणाल, सरकार तरी कुणाचं? खरंय. म्हणूनच तर हे राज्यघटनेत लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज आलेल्या बहुमतानं उद्या पुसायला नको.

1946 साली कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, तवा मजूरखातं बाबासाहेबांकडं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दिवसाचे 9 तास 12 पर्यंत न्यायचं ठरवलं. मजुराची संमती घेऊ, म्हणतात. घरात पीठ नसलेल्या माणसाची संमती!

आपल्यातला कुणी कारखानदार झाला तर त्याला माझा जयभीम. पण एकानं खुर्ची मिळवली म्हणून हजारांच्या पाठीवरची मोळी उतरत नाही. कोयत्याचा दर कायद्यात बांधा. बाई आणि गडी, दोघांची मजुरी ज्याच्या त्याच्या नावावर मांडा. उचलीचा हिशेब चावडीवर वाचा.

एवढं झालं की या मग. बाजाराला जात असते का नसते, ते फडातल्या बाईला विचारू.