तोडायचं कुणाला, वाचवायचं कुणाला



दोन महिन्यांपूर्वी राहुरीच्या एका तरुण वाचकाचं पत्र आलं. घरी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. दर पंधरा दिवसांनी त्यांना नगरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि परतायला हमखास रात्र होते. गाडीचा डायनामो पार थकलाय, त्यामुळे नाक्यावर गाडी थांबली की दिवे मिणमिण करतात. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवायचा म्हणून एका गॅरेजात गाडी नेली, तर डायनामोचे बोल्ट हलेनात. मिस्त्री म्हणाला, इंजिनाकडचं ब्रॅकेट गॅसने कापावं लागेल. मोठा भाऊ म्हणाला, कापायचंच तर सगळी गाडीच भंगारात घाला. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "अब्बा काही बोलत नाहीत, पण खिडकीतून गाडीकडे बघत बसतात."

अशा पत्राला चार ओळींचं उत्तर कसं पाठवणार? मी त्याला कळवलं, दिवसाउजेडी, दिवे न लावता, बॅटरी चार्ज करून गाडी घेऊन ये. तेवढं अंतर ती बॅटरीवर येऊ शकते. आणि ती आली.

आधी थोडं या गाडीविषयी, कारण नव्या पिढीला ती फक्त जुन्या सिनेमात दिसते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मूळ गाडी इटलीच्या फियाटची, इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. जिल्ह्यात मात्र घरोघरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अजून काही उभ्या आहेत.

जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनामो असायचा. त्यात वीज फिरत्या भागात तयार होते आणि कम्युटेटर व ब्रशमधून बाहेर येते. इंजिन सावकाश चालत असलं की तो पुरेशी वीज देत नाही, म्हणून थांबलेल्या गाडीचे दिवे मंद होतात. अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर वेटोळ्यात तयार होते आणि डायोड तिला बॅटरीजोगी करतात. इंजिन हळू चालत असतानाही तो चार्ज करतो. रात्री आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्या घरासाठी हा फरक लहान नाही.

आता बोल्टाकडे येऊ. नगरची हवा कोकणासारखी खारट नाही, मग इथे बोल्ट का अडकतात? एक कारण म्हणजे पाणी. रेडिएटरात आपण बोअरचं जड पाणी ओततो, ते पंपाजवळून ठिबकत राहतं. सर्व्हिसिंगवाला प्रेशरने इंजिन धुतो, ते पाणी फटीत बसतं. दुसरं कारण उभी गाडी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे भोकात बसलेला बोल्ट गंजला की पाचरीसारखा आवळत जातो. डायनामोचे कान ॲल्युमिनियमचे असले आणि बोल्ट पोलादी असला, तर ओल मिळताच दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि ती सिमेंटसारखी बसते. डायनामोचा लांब बोल्ट इंजिनाच्या ब्रॅकेटमधून आणि डायनामोच्या कानातून आरपार जातो. म्हणून तो सगळ्यांत जास्त छळतो.

पहिल्या दिवशी मी त्या पोराला पाना हातात धरू दिला नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला लावली, कारण डायनामोची जाड तार पान्याला लागली तर ठिणगी उडते. मग तारेच्या ब्रशने आणि डिझेलने बोल्टाभोवतीचं तेलमातीचं कवच साफ करून घेतलं. बाहेर डोकावणारे आटे चकचकीत होईपर्यंत घासायला लावले. गंजलेल्या आट्यांवरून नट फिरवणं म्हणजे दगडांवरून बैलगाडी ओढणं. मग गंज सोडवणारं तेल मारलं आणि त्याला सांगितलं, "आता घरात चल, चहा पी." तेलाला फटीत झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी पुन्हा मारलं, सकाळी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी पाना. इथेच बहुतेकांचा घात होतो. स्क्रू पाना, पाइप पाना किंवा उघड्या तोंडाचा पाना अडकलेल्या बोल्टाला लावू नका. सहा कोनांचं सॉकेट किंवा घट्ट बसणारा रिंग पानाच घ्या. पद्मिनी फियाटची, म्हणून तिचे बोल्ट मिलिमीटरचे. अँबेसेडर मूळची इंग्रजांची मॉरिस, म्हणून तिचे बोल्ट इंचाचे, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सुताचे. अँबेसेडरला मिलिमीटरचा पाना "बसतो जवळजवळ" म्हणून लावला की बोल्टाचं डोकं गोल झालंच समजा.

सॉकेट लावण्याआधी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, मध्यम ठोके द्यावेत. हादऱ्याने गंजाची पकड तडकते. मग सोडवण्याआधी किंचित आवळून बघावं, मग सोडवावं, पुन्हा आवळावं. "कट्" असा आवाज आला तर शुभ. पण पाना रबरासारखा मऊ फिरतोय असं हाताला वाटलं, तर तिथेच थांबा. नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय, आणि पुढच्या पाव फेऱ्यात तो तुटणार. हे पुस्तकात वाचून कळत नाही, मनगटाला शिकवावं लागतं. त्या पोराचा हात मी माझ्या हाताखाली धरून त्याला ते जाणवून दिलं.

वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट निघाला. खालच्या दोनांपैकी एक निघाला. दुसरा हलेना. पोरगा म्हणाला, "चाचा, लांब पाइप लावू पान्याला?"

इथे मला माझी गोष्ट सांगावीच लागेल.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी माळीवाड्याजवळच्या एका गॅरेजात शिकाऊ पोरगा होतो. आमचे उस्ताद फौजी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद आठवड्यावर. एका टॅक्सीवाल्याची अँबेसेडर डायनामो बदलायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुण्याचं भाडं होतं. उस्ताद तरावीहला गेले आणि मी एकटाच कामाला लागलो. खालचा बोल्ट अडकला. जुना डायनामो दुरुस्तीवाल्याला दिला तर थोडे पैसे सुटायचे, म्हणून त्याला ओरखडासुद्धा उठू नये याची मी काळजी घेत होतो. पान्याला चार फुटी पाइप घातला आणि लटकलो. आवाज आला, पण बोल्टाचा नाही. इंजिनाकडच्या ओतीव लोखंडी ब्रॅकेटचा कान तुटून माझ्या पायाशी पडला.

ओतीव लोखंड दाब सोसतं, पण वाकवलं की कटकन मोडतं. त्याचं वेल्डिंगही सहज होत नाही. आधी तापवावं लागतं, वेगळे रॉड लागतात, आणि घाईत केलं तर बाजूलाच दुसरी चीर जाते. त्या आठवड्यात ब्रॅकेट नगरात मिळालं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून ते येईपर्यंत चार दिवस टॅक्सी उभी राहिली. टॅक्सीवाला मला एक शब्द बोलला नाही. रोज संध्याकाळी इफ्तारनंतर यायचा, गाडीकडे बघायचा आणि जायचा. ईदला त्याच्या पोरांना नवे कपडे मिळाले की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

उस्तादांनी त्याला चार दिवसांचं भाडं आपल्या खिशातून दिलं. माझ्या पगारातून पैसा कापला नाही. तुटलेला कान हातात घेऊन एवढंच विचारलं, "क्या रे, बचाया किस्को और तोडा किस्को?"

जो भाग गाडीतून निघूनच जाणार होता, त्याला मी वाचवलं होतं. जो तिथेच राहणार होता, त्याला तोडलं होतं. जुना भाग काढताना एवढा एक हिशेब आधी मांडला, तर निम्मे घोटाळे टळतात. जाणाऱ्या वस्तूवर दया नको, राहणाऱ्या वस्तूवर जोर नको.

म्हणून त्या पोराच्या हातात पाइप न देता हॅकसॉ दिली. डायनामोचा ॲल्युमिनियमचा कान वीस मिनिटांत कापला गेला आणि डायनामो बाजूला निघाला. बोल्ट ब्रॅकेटमध्ये तसाच अडकलेला राहिला, पण आता ब्रॅकेटच इंजिनावरून सोडवायला जागा झाली होती. ते सुटं करून व्हाइसमध्ये धरलं. उष्णतेने भोक फुगतं आणि पकड सुटते, पण हे काम गाडीवर कधीच करू नका. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर असते. आणखी एक, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण लोखंडासारखं आधी लाल होऊन सांगत नाही, एकदम खाली पडतं. ब्रॅकेट लोखंडी होतं आणि टेबलावर होतं. तेल पुसून काढून, ते ओळखीच्या वेल्डरकडून हळूहळू तापवून घेतलं. मग बोल्टाच्या टोकाशी नट काठोकाठ फिरवून ठेवला, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि पितळी गज ठेवून ठोकलं. चौथ्या ठोक्याला बोल्ट घरंगळला.

पुढचं काम सरळ होतं. अल्टरनेटरचे कान थोडे वेगळे पडतात, त्यासाठी लेथवाल्याकडून बुश करून घेतले. पुल्या एका रेषेत आहेत ना हे पट्टी धरून पाहिलं. या इंजिनात एकच पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो फिरवतो, तो वाकडा चालला तर गाडी गरमही होते. पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. डायनामोचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकला आणि बॅटरीपर्यंत जाड तार नवी टाकली. जुन्या अँबेसेडरवाल्यांनी मात्र आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघावं. पॉझिटिव्ह बॉडीला असेल आणि तसाच अल्टरनेटर जोडला, तर डायोड क्षणात जळतात. आणि इंजिन चालू असताना "चार्ज होतंय का बघू" म्हणून बॅटरीची वायर उपसायची जुनी खोड सोडा, अल्टरनेटर त्यानेच मरतो.

भगिनींनी हे पान उलटलं नसेल तर त्यांच्यासाठीही थोडं आहे. मोरीतला जुना नळ बदलताना प्लंबरला सांगा, नळ कापला तरी चालेल, भिंतीतला पाइप पिळू नकोस. मुलाच्या सायकलचं डावं पायडल निघत नसेल तर जोर लावण्याआधी आठवा, त्याचे आटे उलटे असतात.

गाडी राहुरीला पोहोचवायला मीही सोबत गेलो. संध्याकाळ झाली होती. दारात गाडी उभी करून पोराने इंजिन हळू ठेवलं आणि दिवे लावले. उजेड हलला नाही. त्याच्या अब्बांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकला. मग अडखळत विचारलं, "ब्रॅकेट?"

"शाबूत आहे अब्बा," पोरगा म्हणाला.

मी तो काढलेला बोल्ट त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा मीच आवळला होता. ग्रीस लावलं नव्हतं."

नव्या बोल्टाला आम्ही लावलं आहे. हातभर कामात चिमूटभर ग्रीस. ते आपल्यासाठी नसतंच, पुढे जो कुणी तो बोल्ट उघडेल त्याच्यासाठी असतं.