फास्टॅग काचेवर, जबाबदारी आपल्यावर

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाटातून जाणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरेने सांगितले जाते. त्यात इतिहास किती आणि लोककथा किती, हे अभ्यासकांनी ठरवावे. परंतु वाट वापरणाऱ्याने वाटेचे मोल द्यावे, ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही, एवढे तो रांजण निश्चित सांगतो. फरक इतकाच की, रांजणात नाणे टाकणाऱ्याला आपल्या हातून काय गेले ते दिसत होते. आज मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमधून पथकर जातो, तेव्हा देणाऱ्याचा हात दिसत नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. या न दिसण्यामुळे माझ्या हातून जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

काही महिन्यांपूर्वी मी परिचयातील एका निवृत्त शिक्षकांकडून त्यांची जुनी मोटार विकत घेतली. कागदपत्रे रीतसर झाली, नोंदणी माझ्या नावावर झाली, विमाही झाला. काचेवर फास्टॅग आधीपासूनच होता. ‘चला, एक काम वाचले,’ असे म्हणून मी निश्चिंत झालो. त्यानंतर पुण्याहून कोल्हापूरला तीन वेळा जाणे-येणे झाले. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चारही नाके गाडी जवळजवळ न थांबता ओलांडत होती. व्यवस्था किती सुधारली, याचे कौतुकही मी घरात केले. पैसे कोणाच्या खात्यातून जात आहेत, हा प्रश्न मात्र एकदाही मनात आला नाही. पुढे एका संध्याकाळी खर्चाची वही लिहिताना पथकराचा रकाना कोरा दिसला आणि मी चपापलो. टॅग गुरुजींच्या बचत खात्याला जोडलेला होता.

ओशाळून त्यांना दूरध्वनी केला. ते हसून म्हणाले, “अहो, मला संदेश येत होते ना! किणीचा नाका ओलांडलात की कळायचे, आता तुम्ही सुखरूप पोहोचणार. पैशांचे कसे विचारायचे, म्हणून राहून गेले.” निवृत्तिवेतनावर जगणारा तो सज्जन मनुष्य माझ्या प्रवासाचा खर्च संकोचापोटी सोशीत होता. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन पै-पै चुकती केली. परंतु मनाला लागलेली टोचणी गेली नाही. मी कोणाला फसवू इच्छीत नव्हतो. तरीही जे घडले त्याला प्रामाणिकपणा म्हणता येईल काय? हाताने पैसे देण्याच्या काळात बुडवेगिरीसाठी हेतू लागत असे. स्वयंचलित व्यवस्थेत केवळ दुर्लक्ष पुरते.

पुढचा धडा नवीन टॅग घेताना मिळाला. बँकेने माझा अर्ज परत केला, कारण त्या क्रमांकाच्या वाहनावर आधीच एक टॅग चालू होता. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हा नियम २०२४ पासून काटेकोरपणे अमलात आला आहे. प्रथम गुरुजींनी त्यांच्या बँकेला कळवून जुना टॅग बंद करावयाचा, त्यांना अनामत व उरलेली शिल्लक परत मिळावयाची आणि मग माझ्या नावे नवा टॅग निघावयाचा, असा हा क्रम आहे. मोटार विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने हे काम व्यवहाराच्या दिवशीच उरकावे. घराची किल्ली सोपवताना वीजमीटर आपल्या नावावरून काढतो, तितकेच हे आवश्यक आहे.

ही व्यवस्था समजून घेणेही कठीण नाही. टॅगमध्ये विजेरी नसते. मार्गिकेवरील यंत्राच्या रेडिओ लहरी पडताच तो आपली ओळख सांगतो. ती ओळख नाक्याच्या बँकेकडून राष्ट्रीय देयक महामंडळाच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे जाते आणि रक्कम वळती होते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर २०१४ मध्ये याचा प्रारंभिक प्रयोग झाला, डिसेंबर २०१७ पासून नव्या मोटारींना टॅग आवश्यक झाला आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सर्वांना बंधनकारक ठरला. महाराष्ट्र शासनानेही १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या पथकर नाक्यांवर तो अनिवार्य केला. टॅग नसल्यास दुप्पट पथकर पडतो. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने देणाऱ्यास सव्वापटीची सवलत आहे. रोख देणाऱ्यास तेव्हा दुप्पटच ठेवला गेला.

घेताना टॅगची किंमत, परत मिळणारी अनामत आणि प्रवासासाठीची शिल्लक, या तीन रकमा वेगवेगळ्या विचारून घ्याव्यात. नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक स्वतः ताडून पाहावेत. नाक्यावरच्या घाईत दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर डोळे मिटून सही करू नये. लावताना काच आतून स्वच्छ पुसून, कोरडी करून, आरशामागे वरच्या बाजूला टॅग एकदाच नीट चिकटवावा. काढून पुन्हा लावू गेल्यास आतील नाजूक तार तुटते आणि टॅग निकामी होतो.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख केलाच पाहिजे. सुशिक्षित कुटुंबांतही टॅग काचेवर न लावता हातात धरून दाखविण्याची पद्धत आढळते. एकच टॅग घरातील दोन गाड्यांना चालवावा, हा त्यामागील ‘व्यवहारीपणा’. कोणी त्याला पथकराच्या जाचाविरुद्धचा निषेधही म्हणतो. खड्डे असलेल्या रस्त्यासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे आणि तो उघडपणे, संघटितपणे विचारला पाहिजे. कोल्हापूरकरांनी शहरातील पथकराविरुद्ध वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस तो रद्द करून घेतला. त्याला निषेध म्हणतात. टॅग हातात धरणे ही केवळ पळवाट आहे. तिच्यामुळे मागच्या रांगेचा खोळंबा होतो आणि प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले, ते योग्यच झाले.

मात्र शिस्त एकतर्फी असू शकत नाही. नागरिक आपले पैसे आगाऊ ठेवतो, म्हणजे तो शासनावर विश्वास टाकतो. त्या विश्वासाची परतफेडही तितकीच चोख हवी. टॅग वैध आहे, शिल्लक पुरेशी आहे, पण नाक्यावरील यंत्र बंद आहे, अशा वेळी वाहन विनाशुल्क सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा राष्ट्रीय महामार्गांसाठीचा नियम २०१८ पासून आहे. किती जणांना तो ठाऊक आहे? तो प्रत्येक नाक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लावला पाहिजे. गाडी घरी उभी असताना पैसे कापले गेले, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांकही आहे. परंतु तक्रारदाराला आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करीत फिरावे लागू नये.

त्याहून महत्त्वाची मागणी हिशेबाची आहे. रोखीच्या काळात किती वाहने गेली आणि किती दाखविली, याविषयी जनतेच्या मनात कायम संशय राहिला. आता प्रत्येक वाहनाची नोंद यंत्रात आपोआप होते. तेव्हा महिन्याकाठी किती वाहने गेली, किती रक्कम जमली आणि रस्त्याचा किती खर्च फिटावयाचा राहिला, हे नाक्यावरच सामान्य माणसाला वाचता येईल असे मांडण्यास कोणती अडचण आहे? नागरिकाच्या प्रत्येक फेरीची नोंद जर शासनाकडे राहते, तर शासनाच्या प्रत्येक रुपयाची नोंद नागरिकासमोर राहिलीच पाहिजे.

गुरुजींच्या जुन्या टॅगची अनामत त्यांच्या खात्यात जमा झाल्याचे त्यांनी परवा कळविले. वर म्हणाले, “आता तुमच्या प्रवासाचे संदेश येत नाहीत. पोहोचलात की एक दूरध्वनी करीत जा.” नव्या व्यवस्थेने नाक्यावरची रांग हटविली, हे चांगलेच झाले; त्या रांगेबरोबर देण्या-घेण्याचे भानही हटणार नाही, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे. आज घरातील मोटारीची काच पाहावी, टॅग कोणाच्या नावावर आहे ते तपासावे आणि शेवटचे दहा संदेश वाचावेत. पाच मिनिटांचे काम आहे. पण नागरिकत्वाची शिस्त अशा पाच मिनिटांच्या कामांतूनच अंगी बाणते.