घरची शाळा आणि पटावरचे नाव : दोन-तीन मुलांचा अभ्यासक्रम निवडताना

शाळांची वाढलेली फी, इंग्रजी माध्यमाचा हट्ट, वर्गात मुलाला मिळणारी वागणूक आणि दरवर्षी बदलणारी शासकीय धोरणे यांना कंटाळून काही पालक एक वेगळा विचार करू लागले आहेत. मुलांना शाळेत घालायचेच नाही, घरीच शिकवायचे. कोरोनाच्या काळात २०२० पासून शाळा बंद राहिल्या आणि घरात बसून मोबाईलवर अभ्यास झाला, तेव्हापासून हा विचार अधिक बळावला. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित नोकरदार घरांत तो आधी आला. आता आपल्या समाजातल्या शिकलेल्या पिढीच्या घरातही त्याची चर्चा ऐकू येते.

एका मुलासाठी हा निर्णय अवघड आहेच. पण घरात बारा, नऊ आणि सहा वर्षांची तीन मुले असतील तर प्रश्न तिपटीने वाढतो. पुस्तके कोणती घ्यायची? तिघांना एकच अभ्यासक्रम लावायचा की तीन वेगळे? बालभारती, एनसीईआरटी आणि केंब्रिज यांचे थोडे थोडे घेऊन चालेल का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्या समाजाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी इतरांना कदाचित पाहावी लागत नाही. ती म्हणजे शाळेच्या पटावरचे नाव.

घरातून शाळेकडे

घरी शिकवणे आपल्याला परके नाही. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना आधी घरीच अक्षरओळख करून दिली. सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या मुलांचा अभ्यास घरी स्वतः घेतला. पण या दोन्ही घरांतली वाट पुढे शाळेकडेच गेली. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. त्या शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले, तरी नाव पटावर होते. तो दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तीही आपली मुले शाळेत जावीत म्हणूनच.

ज्यांना शाळेचे दार पिढ्यानपिढ्या उघडेच होते, त्यांनी ते सोडणे आणि ज्यांनी ते लढून उघडले त्यांनी सोडणे, या दोन गोष्टींची किंमत सारखी नाही. म्हणून घरची शाळा वाईट असे म्हणायचे नाही. मात्र ती सुरू करण्याआधी हिशेब नीट मांडायला हवा.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे या कायद्याचे कलम १० सांगते. त्यासाठी पालकाला शिक्षा मात्र ठेवलेली नाही. म्हणजे घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगीही नाही आणि त्याबद्दल दंडही नाही. शिक्षणाचे कर्तव्य राज्याचेही आहे आणि पालकाचेही, हा या कायद्याचा गाभा आहे.

याच कायद्याचे कलम ४ मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. कधीही शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. घरचा प्रयोग जमला नाही तर चौदा वर्षांपर्यंत परतीची वाट उघडी आहे. ही वाट ठाऊक असलेले पालक घाबरून निर्णय घेत नाहीत आणि नको तितके ताणतही नाहीत.

आधी परीक्षा ठरवा, मग पुस्तके

बहुतेक पालक सुरुवात पुस्तकांपासून करतात. हे उलटे आहे. मूल शेवटी कोणत्या मंडळाची दहावी देणार हे आधी ठरवावे, कारण अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी पुढचा प्रवेश आणि नोकरी प्रमाणपत्रावरच अवलंबून असते.

मराठी घरासाठी साधारण चार वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथे मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क असे स्तर आहेत. दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि अनुसूचित जातींना शुल्कात सवलत आहे.

दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. त्यात पाचवीसाठी दहा वर्षे आणि आठवीसाठी तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तिसरी वाट राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे खासगीरित्या दहावी-बारावीला बसण्याची. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलाची अडचण इथे सुरू होते. चौथी वाट केंब्रिजची. ती इंग्रजी माध्यमाची आहे आणि तिथे विषयागणिक शुल्क भरावे लागते. एका मुलाला झेपणारा खर्च तीन मुलांना झेपेल का, हे आधीच पाहावे.

तीन मुलांसाठी तीन वेगळी मंडळे निवडू नयेत. एकच मंडळ असले तर थोरल्याची पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका आणि पालकांचा अनुभव धाकट्यांच्या कामी येतो.

काय एकत्र शिकवायचे, काय वेगळे?

इथे जिल्हा परिषदेच्या लहान शाळांकडून शिकण्यासारखे आहे. दोन गुरुजी आणि चार वर्ग ही तिथली रोजची स्थिती. एकाच खोलीत पहिली ते चौथीची मुले शिकवण्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. अनुभवी शिक्षक काही विषय सर्वांना एकत्र शिकवतात आणि काहींसाठी मुलांचे गट पाडतात. घरच्या शाळेचा हिशेबही तोच आहे.

भाषेचे वाचन-लेखन आणि गणित एकत्र करता येत नाही. या विषयांत एकेक पायरी चढावी लागते. सुटलेली पायरी पुढे त्रास देतेच. मूल कोणत्या इयत्तेच्या वयाचे आहे यापेक्षा ते नेमके कुठे आहे हे पाहावे. 'असर' पाहणीत वापरतात तशी साधी चाचणी घरीही घेता येते. मूल अक्षर वाचते, शब्द वाचते, छोटा परिच्छेद वाचते की गोष्ट वाचते? अंक ओळखते, हातच्याची वजाबाकी करते की तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागते? जिथे अडेल तिथून सुरुवात करावी. नऊ वर्षांच्या मुलाला दुसरीचे गणित द्यावे लागले तर त्यात लाज नाही.

इतिहास, परिसर, विज्ञान, नागरिकशास्त्र आणि गोष्टींचे वाचन मात्र एकत्र होऊ शकते. एक विषय घ्या, पाणी. सहा वर्षांच्या मुलाने घरातली भांडी मोजावी आणि कोणत्या भांड्यात किती तांबे पाणी मावते ते सांगावे. नऊ वर्षांच्या मुलीने घरात रोज किती लिटर पाणी लागते याची आठवडाभर नोंद ठेवून बेरीज करावी आणि जलचक्राचे चित्र काढावे. बारा वर्षांच्या मुलाने १९२३ चा बोले ठराव, २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि विहिरी-तलावांच्या वापरात भेदभावास मनाई करणारे संविधानाचे कलम १५ वाचावे आणि दोघा धाकट्यांना आपल्या शब्दांत सांगावे. विषय एकच, पण काम तिघांचे वेगळे. सहलीला कार्ल्याच्या लेण्यांत गेलात तरी हेच करता येते. धाकटा चैत्यगृहाचे चित्र काढेल, मधली खांब मोजेल आणि थोरला दानाचे शिलालेख कोणी कोरवले याचा शोध घेईल.

दोन अभ्यासक्रम जोडताना एक नियम पाळावा. प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक असावे, बाकीचे पूरक. गणित बालभारतीचे, विज्ञान एनसीईआरटीचे असे चालेल. पण एकाच वेळी गणिताची दोन पुस्तके धरली तर क्रम बिघडतो आणि दोन्ही अर्धवट राहतात. दोन्ही संस्थांची पुस्तके संकेतस्थळांवर मोफत मिळतात. त्यामुळे महागड्या संचांची गरज नाही.

बदलत्या अभ्यासक्रमाचा फटका

सध्या आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि तो टप्प्याटप्प्याने पुढच्या वर्गांत जाणार आहे. पहिलीपासूनच्या हिंदीवरून त्याच वर्षी एप्रिल ते जून काय गोंधळ झाला आणि शासनाला निर्णय कसे मागे घ्यावे लागले, हे आपण पाहिले. शाळेतल्या मुलांसाठी हा बदल शिक्षक सांभाळून घेतात. घरच्या शाळेत तो पालकांच्या अंगावर येतो. थोरल्याची जुनी पुस्तके धाकट्याला चालतीलच असे आता गृहीत धरता येत नाही. म्हणून दरवर्षी परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा चालू अभ्यासक्रम तपासूनच वर्षाची आखणी करावी.

दाखल्याचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला आपल्यासाठी केवळ शाळेचे कागद नाहीत. जातीचा दाखला आणि पुढची जात पडताळणी यांत अर्जदाराच्या आणि त्याच्या वडिलांच्या प्राथमिक शाळेतील नोंदीला मोठे महत्त्व असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती मिळाल्या. तरी प्रत्यक्ष लाभ घेताना पूर्वीच्या जातीचा पुरावा द्यावा लागतोच. वडिलांची, आजोबांची कागदपत्रे पक्की असतील तर मुलाचे अडत नाही. पण ती नसतील आणि मुलाचीही शाळेत नोंद नसेल, तर पुराव्याची साखळी तुटते आणि हे लक्षात येते ते बारावीनंतर, प्रवेशाच्या ऐन घाईत.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच आहे. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, आठवीची एनएमएमएस, नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा या साऱ्यांसाठी मूल मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावे लागते. घरी शिकवण्याच्या खर्चात ही गमावलेली रक्कम आणि संधी धरली पाहिजे.

यावर काही जण सुचवतात की कुठल्यातरी शाळेत नुसते नाव घालावे आणि मूल घरी ठेवावे. हा मार्ग धरू नये. पटावर खोटी नावे किती असतात ते शोधायला २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली होती. ज्या पटासाठी आपल्या पूर्वजांनी अपमान सोसला, तो खोट्या नावाने भरणे आपल्याला शोभत नाही.

शिकवणार कोण?

शेवटचा प्रश्न वेळेचा आहे. तीन मुलांना घरी शिकवायला एक मोठे माणूस दिवसाचे चार-पाच तास मोकळे हवे. आपल्या बहुतेक घरांत आई-वडील दोघेही कामाला जातात. अशा घरात ही जबाबदारी हळूहळू कोणावर येते? थोरल्या मुलीवर. ती धाकट्यांचा अभ्यास घेते, स्वयंपाक पाहते आणि तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या घरात असे होऊ नये. थोरल्याने धाकट्यांना एखादा धडा सांगणे चांगले, पण ते रोजचे काम होता कामा नये. वेळापत्रक लिहिताना प्रत्येक तासापुढे शिकवणाऱ्याचे नाव लिहा. त्या रकान्यात मुलीचे नाव वारंवार येऊ लागले तर घरची शाळा थांबवण्याची वेळ आली असे समजा.

मग काय करावे? ज्यांच्याकडे वेळ आहे, घराण्याची कागदपत्रे पक्की आहेत आणि दहावीची वाट ठरलेली आहे, त्यांनी जरूर विचार करावा. बाकीच्यांसाठी मध्यम मार्ग बरा. मुले जवळच्या शाळेत खरोखर जाऊ द्या आणि वर सांगितलेली पद्धत संध्याकाळच्या दीड तासासाठी वापरा. गणित आणि वाचन प्रत्येकाच्या पायरीने, बाकीचे सर्वांचे एकत्र. वस्तीतले विहार संध्याकाळी मोकळे असते. चार घरांनी मिळून आठवड्याचे वार वाटून घेतले तर एकाच आईवर भार येत नाही.

शाळेत त्रुटी आहेत, भेदभावही आहे. त्याविरुद्ध शाळा व्यवस्थापन समितीत बसून बोलता येते. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. तिथे आपला आवाज किती आहे, हेही एकदा पाहावे. मूल घरी ठेवले तर तो आवाजही घरीच राहतो.